तारप्यावर उद्घाटन, आणि पॅनेलवर नेहमीचेच

अमेरिकेतल्या सिएटलच्या आदिवासी सरदाराचं पत्र तुम्ही कधी ना कधी वाचलं असेलच. पर्यावरणाच्या शिबिरात कुणीतरी वाचून दाखवलं असेल नाहीतर पाच जूनला व्हॉट्सॲपवर आलं असेल, तेच ते, आकाश कसं विकायचं आणि जमीन कशी विकायची असं गोऱ्या साहेबाला विचारणारं. भानगड अशी आहे की आज जे फिरतं ते त्या सरदाराचं नाहीच. सरदार सिअ‍ॅल्थ १८५४ मध्ये जे बोलला ते त्याच्या लुशूटसीड भाषेत. मग एका डॉक्टरने तेहेतीस वर्षांनी, १८८७ मध्ये, आपल्या जुन्या टिपणांवरून ते फुलाफुलांच्या इंग्रजीत पेपरात छापलं, आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला टेड पेरी नावाच्या पटकथाकाराने एका डॉक्युमेंटरीसाठी त्यावरून जवळपास नवंच भाषण लिहिलं. त्यात चालत्या रेल्वेगाडीतून गोळ्या घालून मारलेले बायसन येतात. सिअ‍ॅल्थ राहायचा प्युजेट साउंड या खाडीच्या किनाऱ्यावर, तिथे बायसनचे कळप नव्हतेच, आणि तो वारला १८६६ मध्ये, म्हणजे खंड ओलांडणारी रेल्वे पुरी व्हायच्या तीन वर्षं आधी. गंमत म्हणजे पेरीचंही नाव त्या फिल्मच्या श्रेयनामावलीत आलं नाही, त्यामुळे सगळ्यांना ते सरदाराचंच वाटलं. आणि ज्या शहराने त्याचं नाव घेतलं त्याच शहराने १८६५ मध्ये, तो जिवंत असतानाच, ठराव केला की इंडियन, म्हणजे तिथल्या मूळ, लोकांनी शहरात वस्ती करायची नाही, कुणा मालकाने कामाला ठेवून जागा दिली असेल तरच राहायचं. नाव चाललं, भाषण चाललं, माणसं मात्र नकोत.

हे आत्ता काढायचं कारण म्हणजे २०२५ च्या ऑगस्टमध्ये वर्ल्डकॉन त्याच शहरात भरलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, वर्ल्डकॉन म्हणजे सायन्स फिक्शनवाल्यांचं संमेलन, १९३९ पासून चालू आहे (महायुद्धात काही वर्षं बंद होतं), दरवर्षी वेगळ्या शहरात, सगळं काम वाचकच फुकट करतात, आणि तिथे ह्यूगो पुरस्कार देतात जे सभासदांच्या मतांवर ठरतात. आपल्या साहित्य संमेलनासारखंच म्हणा, फक्त मंत्री नसतात. सिएटलच्या वेळचं घोषवाक्य होतं कालचं भविष्य घडवू या, सगळ्यांसाठी. यातल्या त्या 'सगळ्यांसाठी' वरच मला बोलायचंय. गेल्या दहाएक वर्षांत अमेरिका-कॅनडाच्या असल्या कन्व्हेन्शन्समध्ये इंडिजिनस, म्हणजे त्या भूमीच्या मूळ लोकांच्या, आणि एकूणच प्रादेशिक गोष्टी साजऱ्या करायची पद्धत पडत चाललीय. चांगलंच आहे. पण साजरं करणं म्हणजे बऱ्याचदा एवढंच की सुरुवातीला स्टेजवरून एक कागद वाचायचा, ही जमीन अमुक जमातीची होती म्हणून, शक्य असेल तर ढोल आणि गाणं, आणि मग तीन दिवसांत कुठेतरी एक पॅनेल. लग्नातल्या बँडवाल्यांसारखं झालं हे, दारापर्यंत वाजवत यायचं, फोटोत दिसायचं, आणि हॉलच्या आत काय ठरलं ते कुणी त्यांना विचारायचं नाही.

माझं म्हणणं असं की साजरं करायचं असेल तर प्रोग्रॅम ठरवायच्या ठिकाणी त्या लोकांना बसवा, आणि 'ही गोष्ट इथे सांगायची नाही' असं म्हणायचा हक्कही त्यांच्याकडे ठेवा. नसेल जमत तर सरळ साजरं करू नका, नुसतं पुस्तकं विकत घ्या आणि वाचा, तेही पुष्कळ झालं.

२०१८ चं उदाहरण घेऊ, सॅन होजेचं वर्ल्डकॉन. त्या वर्षी सर्वोत्तम लघुकथेचा ह्यूगो रेबेका रोनहॉर्स या लेखिकेच्या एका कथेला मिळाला. कथेचा नायक इंडियन, ॲरिझोनातल्या सेडोना गावात एका व्हर्च्युअल रिॲलिटीच्या कंपनीत कामाला. त्याचं काम काय तर टुरिस्ट लोकांना हेडसेट लावून 'अस्सल' इंडियन आध्यात्मिक अनुभव विकणं. अस्सल म्हणजे सिनेमात असतो तसा, पिसं आणि लांडगा आणि जंगल, कारण खरं आयुष्य दाखवलं तर कुणी पैसे देत नाही. मग एक गोरा गिऱ्हाईक येतो, दोस्ती करतो, आणि हळूहळू त्याची नोकरी, त्याची बायको, सगळंच घेऊन बसतो, कारण तो यांच्यापेक्षा जास्त 'इंडियन' वाटतो. साजरं करण्याच्या धंद्यावर याच्याइतकं झोंबणारं मी तरी थोडंच वाचलंय. आणि अशा कथेला बक्षीस देणाऱ्या त्याच कन्व्हेन्शनमध्ये महिनाभर आधी काय झालं, तर काही ह्यूगो-नामांकित लेखकांना प्रोग्रॅममध्ये जागा देता येत नाही असं कळवलं गेलं, आणि कारणाचा सूर असा की मत देणाऱ्यांना ही नवी नावं आवडत असतील पण येणाऱ्या लोकांना ती माहीत नाहीत. मोठा आरडाओरडा झाला, मग लेखिका मेरी रॉबिनेट कोवाल वगैरे मंडळींनी मदतीला येऊन सगळा प्रोग्रॅम जवळजवळ नव्याने बांधला. म्हणजे बक्षीस द्यायला मतदार तयार आणि खुर्ची द्यायला कमिटी तयार नाही. याच वर्षी एन. के. जेमिसिन या कृष्णवर्णीय लेखिकेने लागोपाठ तिसऱ्यांदा कादंबरीचा ह्यूगो जिंकला, जे आधी कुणीच केलं नव्हतं. तेव्हा वाचकांना नवं नको असतं, हे म्हणणं कमिट्यांच्या डोक्यात असतं, वाचकांच्या नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि जे पुढे झालं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्याच वर्षी रोनहॉर्सची कादंबरी आली, तिच्यात नवाहो या अमेरिकेतल्या मूळ जमातीच्या देवता आणि पुराणकथा घेतलेल्या. सायफाय-फँटसीच्या जगात कौतुकच कौतुक. आणि नोव्हेंबरमध्ये डिने, म्हणजे नवाहो, लेखक आणि अभ्यासकांच्या एका गटाने जाहीर पत्र लिहिलं की आमच्या पवित्र गोष्टी तुम्ही अशा वापरायच्या नव्हत्या, लेखिका नवाहो नाही, आणि या गोष्टी कुणी, कुठे, किती सांगायच्या याचे आमच्यात नियम आहेत. तुम्ही म्हणाल लेखकाला असं अडवायचं का. मलाही हा प्रश्न सोपा वाटत नाही, मी मूळचा अभिव्यक्तिस्वातंत्र्यवाला माणूस, कुणी पुस्तकावर बंदी मागितली की माझी तलवार बाहेर. पण त्या लोकांनी बंदी मागितली नव्हती, त्यांनी टीका केली होती, आणि त्यांच्या टीकेत एक गोष्ट आहे जी कन्व्हेन्शनवाल्यांच्या डोक्यातच येत नाही, ती म्हणजे प्रत्येक गोष्ट सगळ्यांसाठी उघडी असते असं नाही. नवाहोंमध्ये कोयोटीच्या, म्हणजे लांडग्यासारख्या एका प्राण्याच्या, गोष्टी फक्त हिवाळ्यात सांगतात. वर्ल्डकॉन भरतं ऑगस्टमध्ये. आता तुम्ही कितीही प्रेमाने बोलावलंत आणि विमानाचं तिकीट पाठवलंत तरी ऑगस्टमध्ये ती गोष्ट नाही म्हणजे नाही, आणि जो आयोजक हे ऐकून 'ठीक आहे, मग दुसरं काही सांगा किंवा काहीच सांगू नका, नुसते पॅनेलवर बसा आणि रॉकेटवर बोला' असं म्हणेल तो खरा आयोजक.

आपल्याकडे हे समजायला फार लांब जावं लागत नाही. वारल्यांचा लग्नाचा चौक बघा, भिंतीवर काढतात ते चित्र. तो लग्नातच काढायचा, सवाशिणींनी काढायचा, लग्न लावणारी धवलेरी गाते, पालघाट देवी चौकात येते, मग पुढचं लग्न. आज तीच चित्रं मगवर, साडीवर, उड्डाणपुलाच्या खांबावर, आणि प्रत्येक ऑफिसच्या रिसेप्शनमागच्या भिंतीवर आहेत. यावर लगेच कुणीतरी म्हणतं की जिव्या सोमा मशे यांनीच नाही का ते कागदावर आणलं. आणलं ना, आणि थोरच काम केलं, २०११ ला पद्मश्री मिळाली. पण ते वारली होते, काय घ्यायचं आणि काय चौकातच ठेवायचं हे त्यांचं त्यांनी ठरवलं. रिसेप्शनची भिंत रंगवणाऱ्या इंटिरियर डिझायनरने कुणाला विचारलं?

आता दुसरा रस्ता, स्वतःचंच कन्व्हेन्शन भरवायचा. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये न्यू मेक्सिकोतल्या आल्बुकर्कीला पहिलं इंडिजिनस कॉमिक कॉन झालं, लगुना प्वेब्लो जमातीच्या ली फ्रान्सिस यांनी सुरू केलेलं. तिथे स्वतःची ओळख करून द्यायची गरजच नाही, सगळे आपलेच, त्यामुळे लोक थेट कॉमिक्सवर, गेम्सवर, सुपरहिरोवर बोलतात. त्याआधी २०१३ ला नवाहो नेशन, म्हणजे नवाहोंचा स्वतःचा प्रदेश, तिथल्या म्युझियमच्या पुढाकाराने पहिला 'स्टार वॉर्स' नवाहो भाषेत डब झाला आणि तिथल्या विंडो रॉक गावात रोडिओच्या मैदानावर दाखवला, आजी आणि नातवंडं एकाच सिनेमाला. आजीला भाषा येते, नातवाला डार्थ वेडर येतो. यात 'आमची संस्कृती बघा' असं बाहेरच्याला सांगणं कुठेच नाही, हे घरातल्या घरात चाललंय, भाषा टिकावी म्हणून. मला हे कुठल्याही उद्घाटनाच्या ढोलापेक्षा जास्त सायफाय वाटतं.

पण स्वतंत्र कन्व्हेन्शनचा एक तोटाही आहे आणि तो आपल्याला चांगला माहीत आहे. आदिवासी साहित्य संमेलनं वेगळी, दलित साहित्य संमेलनं वेगळी, विद्रोही वेगळं, ज्यांनी ती काढली त्यांच्याकडे कारणं होती आणि ती बरोबरच होती. पण मुख्य संमेलनवाल्यांना काय झालं, तर सुटल्यासारखं झालं. त्यांचं त्यांचं चाललंय ना, मग आपण कशाला. म्हणून मी म्हणतो की वेगळी कन्व्हेन्शन्स असली तरी मोठ्या कन्व्हेन्शनची जबाबदारी कमी होत नाही.

बरं, जबाबदारी म्हणजे नक्की काय असं विचाराल तर पहिली गोष्ट पैसा. वर्ल्डकॉनला पॅनेलवर बोलणाऱ्याने साधारणपणे स्वतःची मेंबरशिप स्वतः काढायची असते, प्रवास आणि हॉटेलही त्याचंच. अमेरिकेतल्या आयटीवाल्या फॅनला हे परवडतं. रिझर्वेशनवर, म्हणजे मूळ लोकांसाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर, राहणाऱ्या म्हाताऱ्या गोष्टकाराला कसं परवडेल? दुसरी गोष्ट व्हिसा. २०२२ ला शिकागोच्या वर्ल्डकॉनसाठी नायजेरियाच्या एका नामांकित लेखकाला अमेरिकेने आधी व्हिसाच नाकारला होता, बोंबाबोंब झाली तेव्हा कुठे मिळाला. आणि तिसरं, जे सिएटललाच झालं, निवडीची चाळणी. पॅनेलसाठी आलेल्या लोकांची माहिती तपासायला आयोजकांनी चॅटजीपीटी वापरलं असं २०२५ च्या वसंतात बाहेर आलं. लेखकमंडळी भडकली, ह्यूगोचं काम बघणाऱ्या काही जणांनी राजीनामे दिले, एका नामांकित लेखकाने नामांकन मागे घेतलं, मग तपासणी पुन्हा माणसांकडून करून घेतली. चर्चा सगळी एआयने लेखकांची पुस्तकं चोरली यावर झाली, ती बरोबरच होती. पण मला दुसरीच शंका आली, की ज्याची सगळी विद्या तोंडी आहे, ज्याच्या नावावर इंटरनेटवर एक ओळ नाही, तो असल्या चाळणीतून कसा दिसणार. यंत्राला तो दिसणारच नाही, आणि चुकून दिसलाच तर भलत्याच माणसाची माहिती त्याला चिकटवलेली असेल.

आता आक्षेप. आणि हा आक्षेप महाराष्ट्रात जितक्या जोरात येईल तितका सिएटलला येणार नाही. आपल्याकडचा विज्ञानवादी माणूस म्हणेल, अरे बाबा, सायन्स फिक्शन म्हणजे विज्ञान, आणि तू तिथे देव, भुतं, भगत आणतोयस. एकदा दार उघडलंस की मागून पुष्पक विमान आत येतंच. मी हा आक्षेप हसण्यावारी नेणार नाही, कारण विमान खरंच आत आलेलं आहे. जानेवारी २०१५ मध्ये मुंबई विद्यापीठात भरलेल्या एकशेदोनाव्या इंडियन सायन्स काँग्रेसमध्ये प्राचीन भारतीय विमानविद्येवर निबंध वाचला गेला, आणि आपल्या शिवकर बापूजी तळपद्यांनी १८९५ ला चौपाटीवर विमान उडवलं ही कथा तर दर दोन वर्षांनी नव्याने उडते, त्या काळचा धड पुरावा कुणी दाखवत नाही. खरं तर बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या लोकांनी १९७४ मध्येच, या विमानविद्येवाले ज्याचा दाखला देतात तो वैमानिक शास्त्राचा ग्रंथ नीट तपासून सांगितलं होतं की हा विसाव्या शतकात लिहिलेला आहे आणि यातली यानं उडणार नाहीत. नरेंद्र दाभोलकरांच्या राज्यात राहून मी याबाबतीत ढिला पडणार नाही.

पण जरा थांबून बघा, ही दोन कामं एक आहेत का? विमानवाले गोष्टीला गोष्ट राहूच देत नाहीत. तिचा दाखला करून आणतात आणि म्हणतात हा घ्या पुरावा, आमच्याकडे आधीच होतं. आल्बुकर्कीच्या लोकांपैकी कुणी म्हणत नाही की आमच्या पूर्वजांकडे रॉकेट होतं. ते जे म्हणतात ते वेगळंच आणि फार टोकदार आहे. ग्रेस डिलन या आनिशिनाबे जमातीच्या अभ्यासक, त्यांनी २०१२ मध्ये इंडिजिनस सायन्स फिक्शनचा पहिला मोठा संग्रह काढला, 'इंडिजिनस फ्युचरिझम' ही संज्ञाही त्यांचीच. त्यांचा एक मुद्दा असा की सायफायवाले ज्या प्रलयाची कल्पना करत बसतात, परके लोक जहाजातून उतरतात, रोग पसरतो, माणसं संपतात, भाषा संपते, तो आमच्यावर येऊन गेलेला आहे. आम्ही प्रलयानंतरचे लोक आहोत. कॅनडाची मेटी (तिथल्या मूळ समाजांपैकी एक) लेखिका शेरी डिमालाइन हिच्या २०१७ च्या कादंबरीत हवामान बिघडल्यावर बाकी सगळ्यांची स्वप्नं पडायची बंद झालीत, फक्त मूळ रहिवाशांना स्वप्नं पडतात, म्हणून त्यांच्या हाडातली मज्जा काढायला त्यांना पकडून नेतात, आणि जिथे नेतात ती ठिकाणं जुन्या निवासी शाळांच्या धर्तीवरची, त्याच शाळा जिथे या मुलांना आईबापांपासून तोडून ठेवलं जायचं. यात अंधश्रद्धा कुठे आहे सांगा. हा इतिहास आहे, फक्त पुढच्या तारखेचा.

आणि कधीकधी जुनी गोष्ट विज्ञानाच्या कामालाही येते, पण ते कसं येते ते बघण्यासारखं आहे. सिएटल ज्या वॉशिंग्टन राज्यात आहे त्याच्याच समुद्रकिनाऱ्यावर मकाह आणि आसपासच्या जमातींमध्ये गरुडासारखा थंडरबर्ड आणि देवमासा यांच्या झुंजीच्या गोष्टी आहेत, जमीन हादरली, समुद्र आत आला, वस्त्या गेल्या. बाहेरच्यांनी कित्येक वर्षं त्या दंतकथा म्हणून बाजूला ठेवल्या. १९८० च्या दशकात ब्रायन ॲटवॉटर या भूवैज्ञानिकाला वॉशिंग्टनच्या किनाऱ्यावर एकदम खचून चिखलाखाली गेलेल्या दलदली सापडल्या, वर त्सुनामीची वाळू. पुढे जपानच्या जुन्या नोंदीत एक पोरकी त्सुनामी सापडली, म्हणजे तिच्याआधी जपानात भूकंपच झाला नव्हता, आणि त्यावरून तारीख निघाली, २६ जानेवारी १७००, रात्रीची वेळ. भूकंप साधारण नऊ तीव्रतेचा. इथे कुणी असं केलं नाही की गोष्ट आहे म्हणजे भूकंप सिद्ध. चिखल खणला, कागद तपासले, आणि मग लक्षात आलं की या लोकांना हे माहीत होतं, आपण ऐकलं नव्हतं. विमानविद्येच्या निबंधात आणि यात फरक हाच आहे, एकाला तपासणी नको असते आणि दुसरं तपासणीला उभं राहतं. सायन्स फिक्शनच्या कन्व्हेन्शनला याहून झकास पॅनेलचा विषय मला तरी सुचत नाही, एका बाजूला भूवैज्ञानिक, दुसऱ्या बाजूला मकाह गोष्टकार, आणि मध्ये तो सूत्रसंचालक ज्याला जास्त बोलायची सवय नाही.

आपल्या बाजूचं माझं सगळ्यात लाडकं उदाहरण म्हणजे भज्जू श्याम. मध्य प्रदेशातल्या पाटणगढचे परधान गोंड चित्रकार, जनगढसिंग श्यामांचे पुतणे, भोपाळला रात्रीची वॉचमनची नोकरीही केलेली. २००२ मध्ये लंडनच्या एका भारतीय रेस्टॉरंटच्या भिंती रंगवायला गेले, पहिल्यांदा विमानात बसले, दोन महिने राहिले. परत येऊन त्यांनी लंडनची चित्रं काढली. २००४ ला त्यांचं पुस्तक आलं. विमान म्हणजे पंख फुटलेला हत्ती, कारण एवढं जड धूड उडणं हे हत्ती उडण्याइतकंच अशक्य. जमिनीखालची मेट्रो म्हणजे गांडूळ, कारण गोंडांच्या गोष्टींत जमिनीखालचं राज्य त्याचं. बिग बेन आणि कोंबडा एकमेकांत मिसळलेले, दोघेही वेळ सांगणारे. रोज बसायचे ती तीस नंबरची बस म्हणजे इमानी कुत्रा. आणि इंग्रज लोक वटवाघळं, संध्याकाळ झाली की पबकडे बाहेर पडतात म्हणून. आता मला सांगा, परक्या ग्रहावर उतरलेल्या प्रवाशाने तिथल्या यंत्रांचं आणि प्राण्यांचं वर्णन करावं तसं हे आहे की नाही? शंभर-दीडशे वर्षं साहेब येऊन गोंडांची डोकी मोजत होता, इथे गोंड जाऊन साहेबाचं वर्गीकरण करून आला, आणि किती प्रेमाने! पण हे पुस्तक दुकानात कुठे ठेवतात, तर 'लोककला' नाहीतर लहान मुलांच्या कप्प्यात. सायफायच्या कप्प्यात मी ते आजवर पाहिलेलं नाही.

हे कप्पे आपण मराठीतही पक्के केलेत. मराठी विज्ञानकथेचं आजचं रूप मुख्यतः मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेतून घडलं. १९७४ साली तिथे नारायण विनायक जगताप या नावाने 'कृष्णविवर' ही कथा आली, पहिलं बक्षीस मिळालं, आणि मग कळलं की हे तर जयंत विष्णू नारळीकर, आद्याक्षरं उलटी केलेली. (तेच १९७४, बंगळुरूवाल्यांनी विमान खाली उतरवलं ते वर्ष. योगायोग.) नारळीकर, बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, निरंजन घाटे, यांनी जे केलं त्याबद्दल मला आदरच आहे, माझी पिढी त्यावर वाढली. पण त्या परंपरेचा हेतूच विज्ञानप्रसार होता, त्यामुळे नायक बहुतेक वेळा शास्त्रज्ञ, गाव पुणे-मुंबई नाहीतर अमेरिका, आणि खेड्यातला माणूस आला तर त्याला काहीतरी समजावून सांगायचंय म्हणून आला. समजावून सांगणारा कधी तो नसतो.

२०२१ च्या डिसेंबरमध्ये नाशिकला चौऱ्याण्णवावं अखिल भारतीय साहित्य संमेलन झालं, अध्यक्ष नारळीकर. विज्ञानकथा लिहिणारा माणूस, एवढा मोठा खगोलशास्त्रज्ञ, त्या खुर्चीवर, हा मराठी सायफायचा केवढा मोठा क्षण. तब्येतीमुळे ते प्रत्यक्ष येऊ शकले नाहीत हा भाग वेगळा. आणि ते शहर कुठलं, तर ज्याच्या जिल्ह्यात सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबक हे कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्लांचे तालुके आहेत. तिथे थाळगान चालतं, काशाच्या थाळीला मेणाने काडी चिकटवायची, बोटांनी ओढत तिचा एकसुरी नाद धरायचा आणि त्या नादावर रात्र रात्र कथा सांगायची, धान्यदेवी कणसरीची, रामाचीसुद्धा पण वेगळ्या रामाची. जग कसं झालं, धान्य का रुसलं, पाऊस का गेला, माणूस कुठून आला. हे सगळे विज्ञानकथेचेच प्रश्न आहेत की. नारळीकरांचं विश्व आणि थाळीवरचं विश्व समोरासमोर बसायची ही संधी होती, आणि ती कुणाला संधी वाटली पण नाही, त्याच दिवसांत विद्रोही संमेलनही नाशकातच भरलं होतं. शहाद्याकडचे भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' नावाची कविता आहे, ती इथे आठवल्याशिवाय राहत नाही, की आम्ही स्टेजवर गेलो नाही, आम्हाला बोलावलं नाही, आणि स्टेजवरचे आमचंच दुःख आम्हाला सांगत राहिले.

इथे मला एक मोह होतो आणि तो मोह मला कबूल आहे. गोंदिया जिल्ह्यात सालेकसा तालुक्यात कचारगडची गुहा आहे, माघ पौर्णिमेला तिथे गोंड लोकांची मोठी यात्रा भरते. गुहेत कोंडलेली मुलं, दगड सरकवून त्यांची सुटका, आणि मग गोंडांचा आदिगुरू लिंगो याने समाजाची सगळी नवी रचना घालून देणं, असं ते कथानक. मला लगेच वाटतं, अरे ही तर पिढ्यान्‌पिढ्या चालणाऱ्या यानाची कथा, लिहून टाकावी. पण लिंगोची गाणी आधीच एकदा 'गोळा' झालेली आहेत, नागपूरच्या स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याच्या कागदांतून रिचर्ड टेंपलने १८६६ मध्ये छापली, आणि आज ती हिस्लॉप-टेंपलच्या नावाने ओळखली जातात, ती गाणाऱ्या परधानाच्या, म्हणजे गोंडांच्या परंपरागत गायकाच्या, नावाने कुणी ओळखत नाही. तेव्हा ती सायफाय आहे की धर्म आहे की दोन्ही, ते कोया पुनेम, म्हणजे गोंडांचा धर्म, मानणाऱ्या एखाद्या गोंडी पोराने किंवा पोरीने ठरवावं. तिने ती यानात बसवली तर मी पहिल्या रांगेत. तिने म्हटलं की ही गुहेतच राहू दे, तर राहू दे.

आता कुणी म्हणेल वर्ल्डकॉन कुठे आणि आपण कुठे. ह्यूगोच्या नियमात इंग्रजीची अट नाही, कुठल्याही भाषेतली गोष्ट पात्र असते, आणि इंग्रजीत पहिल्यांदा भाषांतर होईल त्या वर्षी ती पुन्हा पात्र होते. म्हणजे नियमाने बघितलं तर दिवाळी अंकातली विज्ञानकथाही चालते. प्रत्यक्षात भाषांतरित कादंबरीला पहिला ह्यूगो मिळायला २०१५ उजाडलं, चीनच्या ल्यू त्सिशिनला. तेव्हा नियमात दार उघडं आहे एवढ्याने काही होत नाही, कुणीतरी जाऊन हाताला धरून आणावं लागतं, भाषांतराला पैसे द्यावे लागतात. आणि आपण तरी गोंडी, भिली, कोकणा बोलणाऱ्यांसाठी मराठीत हेच करतो का? वर्ल्डकॉनने मराठीला वाऱ्यावर सोडलं म्हणून रडायचं आणि मराठीने माडियाला वाऱ्यावर सोडलं की त्याला बोली म्हणायचं, हे काही खरं नाही.

म्हणून मला वाटतं सुरुवात इथूनच करावी. मराठीत विज्ञानकथांच्या स्पर्धा होतात, दिवाळी अंक विज्ञानकथा विशेषांक काढतात, त्यांच्यापैकी एकाने तरी लिखित कथेची अट काढावी आणि आवाजात गोष्ट घ्यावी, फोनवर रेकॉर्ड केलेली, सांगणाऱ्याच्या भाषेत, विषय पुढच्या पन्नास वर्षांचा गाव. परीक्षकांत निम्मी मंडळी त्या भाषांची असावीत. पुण्याच्या परीक्षकाला समजलं नाही तर त्याच्या शेजारी दुभाष्या बसवा, इतकी वर्षं सुरगाण्याच्या पोराने शाळेत प्रमाण मराठी दुभाष्याशिवाय सोसलीच की. बक्षिसाचे पैसे आणि नाव सांगणाऱ्याचं, लिहून काढणाऱ्याचं खाली बारीक अक्षरात. बक्षीस समारंभाला बोलावलं तर एसटीचं भाडं, मुक्काम आणि बुडालेली मजुरी आयोजकाने द्यायची, आणि मानधनाचा चेक 'नंतर पाठवतो' म्हणायचं नाही. उद्घाटनाला वारल्यांचा तारपा वाजवायचाच असेल तर ज्याने वाजवला त्याला त्याच दिवशी दुपारच्या परिसंवादात खुर्ची द्यायची, विषय त्याला विचारून ठरवायचा, आणि तो विषय 'आमची लोकसंस्कृती' नसला तर उत्तम, धरणावर बोलू दे, बुलेट ट्रेनवर बोलू दे, ती पालघर जिल्ह्यातूनच चाललीय. आणि कुणी सांगायला बसलं की लगेच मोबाईल वर करायचे नाहीत. रेकॉर्ड करू का असं आधी विचारायचं, नाही म्हणाले तर फोन खिशात.